अक्का, तोंड दाखवायला चल

शिंदखेडा,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. रत्नाअक्काला रूपाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत. सोनलला सातवा लागला, पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येईल. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडू नकोस, पूर्ण वाच.

दिवाळीआधी माझी दाढ ठणकायला लागली. धुळ्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. शीतल नाव, आपल्या सोनलएवढीच पोर. वाटलं, दाढ उपटेल नि सोडेल. पण तिने आधी सगळं तोंड तपासलं. जीभ धरून इकडे ओढली, तिकडे ओढली, जबड्याखाली बोटांनी चाचपलं. मग खालचा ओठ उलटा करून दिवा धरला आणि थांबली.

"मावशी, तंबाखूचं काय लावता?"

"काही नाही. मी अंगणवाडी सेविका आहे, मीच बायांना नको सांगते."

"हा पांढरा चट्टा पुसून जात नाही. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. खरं सांगा."

सोनलचे पप्पा शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोरच मी बोलले, "मिश्री लावते. अठरा वर्षं झाली."

ते खाली बघत म्हणाले, "माले ठाऊक व्हतं."

हो अक्का. सोनलच्या लग्नात व्याह्यांच्या बायकांसमोर तुझ्या हातातली मिश्रीची डबी मी उकिरड्यावर फेकली. "माझ्या घरात ही घाण नको" म्हणाले. तू न जेवता मुक्ताईनगरची गाडी धरलीस. त्या वेळी माझी डबी कपाटात साड्यांखाली होती. तू गेल्यावर दार लावून मी मिश्री लावली. तीन वर्षं हे कुणाला सांगितलं नाही.

तुकडा काढल्यावर रिपोर्टला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी कशी होते, काय सांगू? येता-जाता आरशात ओठ उलटा करून बघायचे. अंगणवाडीत पोरांची गाणी घेताना मधल्या ओळी विसरायचे. सोनलच्या बाळाला मी बघेन की नाही, एवढंच डोक्यात. सोनलला अजून काही कळू दिलेलं नाही.

रिपोर्ट आला. डॉक्टरीण म्हणाली, "हा कॅन्सर नाही. पण पेशी बिघडायला लागल्यात, वर्षभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. चट्टा काढून टाकू. मिश्री आजपासून बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं." मी तिथेच रडले.

इथे पत्र संपवणार होते. पण खरी गोष्ट लिहायची हिंमत आत्ता होतेय.

डॉक्टरिणीने मला विचारलं होतं, "तिखट झोंबतं का? तोंड पूर्वीएवढं उघडतं का?" माझं उघडत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तू आलीस. गेल्या महिन्यात पिंपळनेरला, आपल्या ज्ञानेश्वरच्या वास्तुशांतीच्या पंगतीत. घोटलेल्या वांग्याच्या भाजीला तू हात लावला नाहीस. बट्टी वरणात भिजवून, कुस्करून, दाताच्या फटीतून आत ढकलत होतीस. रशाबरोबर कच्ची मिरची चावणारी तू! मी समोरच्या रांगेत होते. सगळं बघितलं, आणि मनात म्हटलं, रुसलीय, नखरे करतेय.

अक्का, ते नखरे नव्हते. मला माझी भीती वाटत होती त्याहून जास्त आता तुझी वाटते. तुझ्याकडे कुणी बघितलं का? जिजाजींना सांगितलंस का? की तूही माझ्यासारखी आरशासमोर एकटीच उभी राहतेस?

शनिवारी सकाळी मी मुक्ताईनगरला येतेय. दार उघडू नकोस हवं तर, मी ओट्यावर बसेन. शिव्या दे, मी तुला व्याहिणींसमोर दिल्या त्याच्या दुप्पट दे. पण दुपारच्या गाडीने माझ्याबरोबर धुळ्याला चल. खुर्चीत तू बसशील तेव्हा हात मी धरीन.

तुझी अपराधी,
रूपा