परळीला निघायच्या आदल्या दिवशी बॅटरी बदलली

नाना, मी गाडीची बॅटरी बदलली! माझ्या पगारातून घेतलेल्या माझ्या गाडीची, आणि तीही गाडी रस्त्यात बंद पडायच्या आधी! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही बातमी दुसऱ्या कुणाला सांगून गोडच लागणार नाही. तुमच्या नातीला हैदराबादला नोकरी लागलीय, पहिलीच. तिची रेल्वे परळीहून होती, आणि गेवराईहून तिथवर मीच पोचवणार म्हणून छातीठोकपणे सांगून बसले होते. रेल्वे चुकली असती तर हजर व्हायचा दिवसच हुकला असता.

आणि नेमका गेल्या आठवड्यापासून स्टार्टर कण्हायला लागला. चावी फिरवली की घर्रऽ घर्रऽ, आणि समोरच्या भिंतीवरचा हेडलाइटचा उजेड एकदम मलूल. बॉनेट उघडलं तर टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचलेली, बॅटरीची एक बाजू फुगलेली. तुमचे जावई म्हणाले, "अगं, होतीय की सुरू. उतारावर लावत जा आन् एवढा हिवाळा काढ." अगंबाई! मला तर तुम्हीच बोलताय असं वाटलं.

सीटा भरून पळणारी आपली उमापूर-गेवराई वडापची जीप कधी सपाटीला उभी राहिली होती का, सांगा! रात्री चढावर नेऊन लावायची, सकाळी उतारावर सोडायची, गिअर टाकला की सुरू. बॅटरी जिवंत आहे का मेली, कुणाला पत्ताच नाही. मी एकदा म्हटलं, "नाना, बदला की ती," तर केवढ्यानं खेकसलात, "तुला काय कळतंय गं? उतार हाय ना!" आणि मग तो बाजारचा दिवस. नवरदेवाचं भाडं. गेवराईत तुमच्या नेहमीच्या उतारावर उसाची ट्रॉली ठाण मांडून बसलेली, म्हणून जीप सपाटीला लावलेली. निघायची वेळ झाली आणि ती ढिम्म! मुहूर्त जवळ येतोय, धक्का मारायला माणसं कमी पडतायत, शेवटी मुंडावळ्या सावरत नवरदेवच खाली उतरतो. त्याची आई तुमच्या नावानं बोटं मोडतेय, "कावून ठरवलं बाई हे खटारं!" तुम्ही घामाघूम, आणि मी मागच्या सीटवर हसून हसून लोळतेय.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही नवी बॅटरी आणलीत आणि मला बॉनेटपाशी बोलावलंत. "ऐक. दमदार असली की खटक्यात फिरती. कण्हाया लागली की समजायचं, दिवस भरले. मला बी कळत होतं गं, पण उतार हाताशी असला की माणूस टाळतंय." तुम्ही असं कबूल करताय, तेही माझ्यापुढं! मी दिवसभर गावभर मिरवत होते.

म्हणून यंदा मी टाळलं नाही. सरळ गॅरेज गाठलं. मेकॅनिकनं मीटर लावला, चावी फिरवायला सांगितली, काटा धाडकन खाली आला. म्हणाला, "ताई, चार्जिंग बराबर हाय, बॅटरीच गेली. आज व्हईल सुरू, उद्याचं सांगता येत न्हाई." नवी बसवून घेतली आणि चावी फिरवली. खटक्यात, नाना! पहिल्याच दमात! मी गॅरेजमध्येच टाळ्या वाजवल्या, तो बिचारा बघतच राहिला. आज परळीला इतक्या वेळेवर पोचलो की स्टेशनवर चहासुद्धा झाला. पोरगी खिडकीतून हात हलवत गेली आणि मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत ओरडत होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हालाच एक सांगते. सकाळी ती शेजारी बसून "आई, चल ना गं" म्हणत होती, चावी माझ्या हातात होती, आणि घटकाभर मनात आलं, आज नाहीच झाली सुरू तर किती बरं होईल.