दाढ काढण्यापूर्वी शिट्टी, चेंडू आणि दोन फुटांची व्यवस्था

मी, तामार इझिकेल पेणकर, वय २७, राहणार पेण, महिला बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डावी दाढ तेवढी नाही. ती उद्या काढणार. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांचे काम. तेव्हापासून मला धीर नाही, आणि रविवारी रोह्यात अंतिम सामना आहे.

१. राहते घर वडिलांचे आहे. ते वाटण्याचा मला अधिकार नाही, म्हणून वाटत नाही.

२. शिट्टी कर्णधार भूमिका म्हात्रे हिला द्यावी. गरम पाण्यात धुऊन घ्यावी. शनिवार आम्हा बेने इस्रायलींचा शब्बाथ, विश्रांतीचा वार; त्या दिवशी मी ती कधी वाजवली नाही. भूमिकाला ते बंधन नाही, पण शिट्टीला सुट्टीची सवय आहे.

३. चेंडू संघाचा. धरमतरच्या खाडीत दोनदा पडल्यापासून तो उजवीकडे जातो. नव्या प्रशिक्षकाने मुलींना बोलू नये.

४. मैदानाशेजारच्या जनूकाकांच्या शेळीला काहीही ठेवत नाही. तिने आपला वाटा घेतला आहे. दोन वर्षांपूर्वी मैदान आखायला चुना मिळेना, तेव्हा मिठागरावरच्या इंदुबाई म्हणाल्या, "चुना कशाला गो, मीठ हाय ना पोत्यानं." आम्ही मिठाने आखले. शेळीने फ्री थ्रोची रेषा चाटून साफ केली. जाब विचारला तर काका म्हणाले, "मीठ हाय, चाटलच. तिला काय तुजं नियम म्हाईत?"

५. आता कबुली. चौथीपर्यंत वडिलांनी मला घरीच शिकवले. चूक झाली की ती लिहून खाली सही करायची, ही त्यांची शिस्त. शेळीने चाटलेली रेषा मी नजरेने पुन्हा आखली आणि तशीच गिरवत राहिले. गेल्या वर्षी रोह्यात आमचे नऊच्या नऊ फ्री थ्रो रिंगेच्या अलीकडे पडले व एका गुणाने हरलो. तिथली रिंग चुकीची आहे, असे मी सर्वांदेखत म्हणाले. आज मालमत्ता मोजताना मैदानालाही टेप लावली. आमची रेषा रिंगेकडे दोन फूट पुढे आहे. मी नसले तरी मुलींना हे सांगावे. रविवारपर्यंत त्यांनी मागून सराव करावा. रोह्याच्या रिंगेची मी माफी मागते.

६. साक्षीला आलेल्या भूमिकाने वरील कलम वाचले. म्हणाली, "ताई, आमाला म्हाईत हाय. रोह्यावरना आल्यावर आमीच मोजलं. तुमी पाठ वलवली का आमी एक ढांग मागना टाकताव."

सांगितले का नाही, असे मी विचारले.

"तुमी रडत बसल्या असत्या. मंग सराव कोन घेनार?"

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून शिट्टी हवी असल्यास सही करू नये, असे मी तिला बजावले. तिने पेन काढून घेतले आणि माझ्याआधीच सही केली. "मंग ऱ्हाव दे शिट्टी तुमच्याकडं. रविवारी वाजवा." क्रम चुकल्यामुळे तिला माझ्यानंतर पुन्हा सही करायला लावली, तीही तिने केली. सबब कलम २ रद्द. शिट्टीला आता वारस नाही. मला परत यावे लागेल.

ठिकाण: पेण
मंगळवार, ११ फेब्रुवारी १९९७

लिहून देणार: तामार इझिकेल पेणकर

साक्षीदार:
१. भूमिका गोविंदा म्हात्रे (दोनदा)
२. जनू काळुराम पाटील (शेळीला काही मिळत नसल्याने चालतात)