दुसऱ्या खेपेच्या कांड्या

९ मार्च, रविवार

प्रिय दादा,

तू बरा असशील, आईचा गुडघा फार कुरकुरत नसेल, असं धरून चालते. इथं सगळं ठीक. प्रयोगशाळेत नवा पंखा बसवलाय, तो वारा कमी देतो आणि खडखड जास्त करतो. सर त्याच्याकडे बघून म्हणतात, आपल्या खात्याला शोभतो.

वहिनीचं पत्र आलं. तू आठ महिने शिलाईच्या मशीनवर बसला नाहीस, गिऱ्हाइकांचं कापड परत पाठवतोस, म्हणतोस माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. म्हणून हे पत्र.

पाल्हाळ लावतेय, कळतंय मला. हातून कप फुटला की आधी हवापाण्याच्या गप्पा मारायची माझी जुनीच खोड. तर आता सांगते.

बाबांची साखर मोजायला मी बनवलेली ती डबी. रक्तातल्या साखरेकडून एन्झाइम इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि को-एन्झाइमकडे देतं. को-एन्झाइम म्हणजे आमचा हमाल. त्यानं ते ओझं कार्बनच्या कांडीवर उतरवलं की वीज वाहते, आणि त्या विजेवरून साखरेचा आकडा येतो. पण हा हमाल महाहट्टी. कोऱ्या कार्बनवर ओझं उतरवत नाही, त्यासाठी व्होल्टेज चढवावं लागतं. आणि तेवढं चढवलं की व्हिटॅमिन सीसुद्धा तिथंच ओझं टाकतं, आणि डबी तेही साखर म्हणून मोजते. माझ्या कांड्या कमी व्होल्टेजवर चालायच्या. त्यावरच तर मी एवढी मिरवत होते.

त्या का चालायच्या, ते फार उशिरा कळलं. ज्या फडक्यावर मी कांड्या घासून गुळगुळीत करायची, त्यावर माझ्या आधी इथं काम करणाऱ्या मुलीने निळा रंग चढवलेल्या कांड्या घासल्या होत्या. तो रंग माझ्या कांड्यांना लागत होता आणि हमालाचं ओझं उतरवून घेत होता. करणी फडक्याची, मिरवणारी मी. फडकं विरलं, मी नवं लावलं, आणि दुसऱ्या खेपेच्या कांड्यांनी हूं की चूं केलं नाही. तिथंच थांबायला हवं होतं. मी डबी दुरुस्तीच्या नावाखाली मागवून घेतली आणि तिचं व्होल्टेज वाढवलं. साखरेच्या पाण्यात आकडे जुळले. त्या कांड्यांसकट डबी घरी पाठवली आणि तुला अवाक्षर बोलले नाही.

तू म्हणाला होतास, औषधाच्या दुकानात मिळतं त्या साखरेच्या मशीनवर एकदा ताडून बघू. बाबा म्हणाले, घरची असताना बाहेरची कशाला. आणि मी तुझी थट्टा केली, की शिंप्याने मापं घ्यावीत, विज्ञान आमच्यावर सोडावं. लाज वाटते रे.

त्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. खोकत होते. म्हणाले, "व्हिटॅमिन सीच्या आंबट गोळ्या चघळतोय दिवसभर. बिनसाखरेच्या आहेत गं, घाबरू नकोस."

दादा, मी ते ऐकलं. मला त्याच क्षणी समजलं. त्या गोळ्यांचा चिकटा लागलेलं बोट टोचलं तर डबी काय दाखवेल, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. पण माझा प्रयोग चालू होता, मध्ये सोडला असता तर सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली असती. म्हटलं, चाळीस मिनिटांनी फोन करते. चाळीस मिनिटांनी वाटलं, आता फोन केला तर व्होल्टेजचंही सांगावं लागेल. नाही केला. संध्याकाळी तू आकडा बघून इन्सुलिन दिलंस आणि सकाळी बाबा उठलेच नाहीत.

काका सगळ्यांसमोर म्हणाले, चष्मा न लावता आकडा वाचला याने. तू मान खाली घातलीस. मी तिथंच बसले होते, भिंतीला टेकून. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर गप्प बसला.

डबी प्रयोगशाळेची आहे म्हणून मी तिसऱ्या दिवशी उचलून आणली. तिच्यात मागचे पन्नास आकडे राहतात. परतीच्या गाडीतच पाहिलं. ३८६. तू डॉक्टरांना सांगितलास तोच. डॉक्टरांच्या तक्त्यात त्या आकड्याला जेवढं इन्सुलिन होतं, तेवढंच तू दिलंस. तुझे डोळे चुकले नाहीत, हात चुकला नाही. बाबांची खरी साखर त्याच्या निम्मीही नसेल.

डबी सोबत पाठवतेय. उजवीकडचं बटण दोनदा दाबलंस की आकडा दिसेल. काकांना दाखव. सरांना काल सगळं लेखी दिलं, ते काय करायचं ते करतील. मला माफ कर म्हणून हे लिहीत नाही. करूही नकोस. तू मशीनवर बस, एवढंच.

आईला हे वाचून दाखवू नकोस. तिला मी समोर बसून सांगणार आहे. गुरुवारी येते. घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

जिच्यावर तू कधीच शंका घेतली नाहीस, ती
तुझी धाकटी