हमीदचाचांची भट्टी

सेलू, मंगळवार, ५ नोव्हेंबर १९७४

आज मी हमीदचाचांना मारले. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या तोंडावर मूठ उगारली, आणि ती लागलीही.

माझी पत्नी सुमती दिवाळीपूर्वी घरचा रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून त्यांच्या बेकरीत नेई आणि नानकटाई भाजून आणी. तिच्या मृत्यूनंतरची ही पहिली दिवाळी, म्हणून आज डबा मीच भरून नेला. पाहतो तो चाचा पहारेने स्वतःचीच भट्टी फोडत होते. परभणी, मानवत येथे दुकाने काढून झाल्यावर शहरातल्या एका बिस्किट कंपनीने येथेही दुकान थाटले. चाचांकडे गिऱ्हाईक उरले नाही.

"एवढा एक डबा भाजून द्या, मग फोडा," मी म्हणालो. ही विनवणी होती की हुकूम?

"कंपनीचं पाकीट घ्या की, मास्तर! मागल्या दिवाळीला बाई डबा घेऊन निघाल्या, तर तुमीच अडवलं. भट्टीचा माल घाण असतो म्हनलात. रिकाम्या हातानं सांगायला आल्या अन् लय रडल्या हितं."

तसे मी म्हणालो होतो. ती रडली होती, हे मात्र मला ठाऊक नव्हते. तरीही मारले, की म्हणूनच? डबा सांडला. चाचांच्या ओठातून रक्त आले. पहार त्यांच्या हातात होती. लोकांनी मला भिंतीशी दाबून धरले, एकाने सदरा फाडला.

"सोडा रे त्यायला," चाचा म्हणाले. "बाई गेली त्यायची."

पहार त्यांच्या हातात होती, आणि त्यांनी ती चालवावी असे मला मनापासून वाटत होते. त्यांनी ती खाली ठेवली.