दोन बोटांची पट्टी

मी, खाली सही करणारी बाई, वय सदुसष्ट, धंदा फोटोग्राफी, अविवाहित, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. तसा प्रयत्न एकाने केला, त्याचा उल्लेख योग्य जागी येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही. रागाच्या भरात लिहिलं असं मागाहून कोणी म्हणू नये म्हणून आधीच सांगते: राग आहेच. पण तो आता इतका मुरला आहे की त्याच्या भरात यायचे दिवस गेले.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी फ्रेमवाल्याने करावी. तो आमच्या स्टुडिओच्या मागच्या गल्लीत फोटोंना फ्रेमा करतो. कमी बोलतो आणि काटकोन चुकवत नाही. त्याला या कामाचा मोबदला घ्यायचा नाही, असं त्याने मला सांगितलं आहे. तरी त्याने तो घ्यावा, उगाच मोठेपणा करू नये.

कलम २. मी राहते ती तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, आतल्या सामानासह, माझ्या भाचीला मिळावी. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, एकुलती मुलगी. बाप निवडता येत नाही, त्यामुळे त्याबद्दल तिला मी दोष देत नाही. न्हाणीघराचा नळ गळतो, तो तिने आधी बदलावा.

कलम ३. माझा मोठा कॅमेरा, त्याच्या दोन जाडजूड लेन्स, फ्लॅश, तिपाई आणि हे सगळं मावणारी काळी बॅग दादाला द्यावी. अट एकच. ही बॅग त्याने स्वतः येऊन, स्वतःच्या खांद्यावर घेऊन, जिन्याने खाली न्यायची. लिफ्ट या इमारतीला नाहीच. नोकर, ड्रायव्हर, हमाल चालणार नाही. मध्ये टेकवायची झाली तर टेकवू द्यावी, मी इतकीही दुष्ट नाही. फ्रेमवाल्याने मात्र दारात उभं राहून पाहावं.

हा कॅमेरा दादानेच मला घ्यायला लावला होता. बाबा आजारी पडले आणि त्यांचा स्टुडिओ दादाच्या ताब्यात आला. आल्याबरोबर त्याने फर्मान काढलं, की बाहेरच्या कामाला जाणाऱ्याच्या गळ्यात मोठाच कॅमेरा दिसला पाहिजे. 'गिऱ्हाईक आधी कॅमेरा बघतं, मग फोटो,' हे त्याचं तत्त्वज्ञान. मी तो गळ्यात घालून समारंभांमधून, शाळांच्या पटांगणांवरून, कारखान्यांच्या शेडमधून हिंडले. पुढे पुढे उजवा हात खांद्याच्या वर जाईना. माझे केस विंचरायला आई लागायची. डॉक्टर म्हणाले, 'बाई, गळ्यातलं ओझं उतरवा, नाहीतर मान कायमची वाकडी होईल.' नाकापेक्षा मोती जड झाला होता.

कलम ४. माझा छोटा कॅमेरा आणि त्याच्या तीन लेन्स भाचीला द्याव्यात. एक चपटी, जी लावली की कॅमेरा पर्समध्ये मावतो. एक अंधाऱ्या खोल्यांसाठी. आणि एक झूम, माझ्या तळहाताएवढी. तीनही लेन्स जेवणाच्या डब्याच्या पिशवीत बसतात आणि मी त्या तशाच नेत असे.

हा कॅमेरा मी घेतला तेव्हा दुकानात दोन हातांत दोन कॅमेरे धरून उभी होते. दुकानदार मेगापिक्सेल सांगत होता. माझ्या मानेचं तोवर ठरलंही होतं. स्टुडिओत घेऊन गेले तर दादा म्हणाला, 'हे काय? साबणाची डबी आणलीस?' त्या दिवसापासून मी डबीवाली. नोकरही पाठीमागे तेच म्हणायचे. गिऱ्हाइकांसमोर दादा म्हणायचा, 'ताईला आता झेपत नाही हो. मूर्ती लहान...' आणि पुढची कीर्तीची ओळ गिळून टाकायचा. चांगली कामं त्याने माझ्याकडून काढून घेतली. मला पासपोर्ट फोटोंवर बसवलं.

पण या डबीची एक गंमत दादाला कधी कळली नाही. मोठा कॅमेरा समोर आला की माणूस पोट आत घेतो, ओठ आवळतो, भलताच कोणीतरी होतो. छोटा कॅमेरा मी पोटाशी धरायचे, त्याचा पडदा वर उघडून खाली मान घालून बघायचे. समोरच्याला वाटायचं, बाई पर्समध्ये काहीतरी शोधतेय. तेवढ्यात तो स्वतःसारखा दिसायचा.

भाचीला हे कळतं. तीही बापाच्या हुकमाने गळ्यात धोंडा बांधून फिरते. मध्यंतरी माझ्याकडे आली ती मान चोळतच. 'आत्या, खूप दुखतंय गं.' मी म्हटलं, 'औषध नंतर. आधी हे धर.' तिने छोटा कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. 'एवढंच? हे पुरतं?' मी म्हटलं, 'मला पुरलं.' तो तिचाच आहे. दादाने मागितला तरी तिने देऊ नये.

कलम ५. वहिनींना माझं आरशाचं कपाट द्यावं. पाहुण्यांना त्या इतकी वर्षं सांगत आल्या, 'ताईंना फोटोंचा छंद आहे.' ज्या छंदाच्या कमाईवर त्यांच्या घराचे पडदे शिवले गेले, त्याबद्दल त्यांनी आरशासमोर उभं राहून एकदा विचार करावा. न केल्यास आरसा चांगला आहे, साड्या नेसायला उपयोगी पडेल.

कलम ६. आता मूळ मुद्दा.

स्टुडिओच्या दर्शनी काचेत गेली कित्येक वर्षं एक फोटो लावलेला आहे. बाबा खिडकीशी खुर्चीत बसून खळखळून हसत आहेत. अर्धांगवायूने त्यांचं अर्धं तोंड लुळं पडलं होतं आणि तरीही ते पूर्ण तोंडाने हसताहेत, असं त्या फोटोत दिसतं. या फोटोला मोठं बक्षीस मिळालं. परीक्षक भाषणात म्हणाले, 'हा मृत्यूकडे पाहून हसणारा माणूस आहे.' टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा गळ्यात मोठा कॅमेरा घालून व्यासपीठावर गेला आणि ढाल घेऊन आला. स्टुडिओच्या पाकिटांवर, कार्डांवर, पिशव्यांवर तोच फोटो आहे. खाली दादाचं नाव आहे.

तो फोटो मी काढला आहे. छोट्या कॅमेऱ्याने.

बाबा मृत्यूकडे वगैरे पाहत नव्हते. आई त्यांच्या पायाची नखं कापत होती. खाली पाटावर बसून, त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन. बाबांच्या त्या पायाला जन्माच्या गुदगुल्या. आई म्हणत होती, 'हलू नका हो, बोट कापलं जाईल!' आणि ते आणखी पाय ओढत होते. आजारपणानंतर आम्ही त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. दादाने त्याआधी दोनदा छत्र्या, दिवे, तिपाई लावून त्यांचा फोटो काढायचा घाट घातला होता. दोन्ही वेळा बाबांनी लुळी बाजू लपवायला तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यांना कॅमेरा दिसलाच नाही. माझ्या फोटोत वर बाबांचं हसू आहे आणि खाली, अगदी काठाला, बाबांचं पाऊल धरलेले आईचे दोन्ही हात आहेत.

आईसाठी एक प्रत काढावी म्हणून मी तो स्टुडिओच्या संगणकावर टाकला. तिथून दादाने उचलला. आयत्या बिळावर नागोबा. अडचण एकच होती. माझ्या छोट्या कॅमेऱ्याची चौकट चार रुंदीला तीन उंची, म्हणजे जरा उंच. दादाच्या मोठ्या कॅमेऱ्याची तिनाला दोन, लांबट. नुसता आकार पाहून कोणाही फोटोवाल्याने विचारलं असतं, 'हा डबीतला का?' म्हणून दादाने तो आपल्या कॅमेऱ्याच्या मापात बसवला. वरून कापावा तर बाबांचे केस जात होते. त्याने खालून कापला. छापील फोटोतली जेमतेम दोन बोटांची पट्टी. तेवढ्यात आई होती.

मी त्याला विचारायला गेले. म्हणाला, 'अगं, स्पर्धेत कोणी नखं कापताना पाठवतं का? आणि डबीतून असा फोटो निघतो हे सांगितलंस तरी कोण विश्वास ठेवेल?' मी चार लोकांना सांगून पाहिलं. दादाचं बरोबर होतं, कोणी ठेवला नाही. उलट बहीण भावावर जळते, अशी बोलवा झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तोपर्यंत बाबा गेले होते. फोटो काचेत लागला तेव्हा दादाने आईला मुद्दाम गाडीतून आणलं. आईने चष्मा पुसला, काचेजवळ गेली, बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'माझे हात कुठे गेले गं?'

दादा म्हणाला, 'फ्रेममध्ये बसले नाहीत, आई.'

पुढे लोक आईला कौतुकाने विचारायचे, 'कशाला हसत होते हो तेव्हा?' ती म्हणायची, 'मला काय माहीत? मी नाहीय त्यात.' ज्या माणसाला तिने भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, हसवलंसुद्धा, त्याच्या त्या एका हसण्यातून तिला तिच्याच मुलाने काढून टाकलं. माझं नाव गेलं त्याचं मला दुःख झालं. आईचे हात कापले त्याबद्दल मी दादाला क्षमा केलेली नाही, आणि मेल्यावर माणसं मवाळ होतात असं म्हणतात त्यावर त्याने विसंबू नये.

कलम ७. स्टुडिओची जागा बाबांनी आम्हा दोघांना निम्मी निम्मी दिली होती. दादा तिथे मालकासारखा वावरतो, पण कागदावर अर्धी भिंत, अर्धी फरशी आणि अर्धी दर्शनी काच माझी आहे.

गेल्या महिन्यात दादा कागद घेऊन माझ्याकडे आला होता. माझा हिस्सा त्याच्या नावावर करायचा होता. तीन मजले चढून धापा टाकत होता, म्हणून मी पाणी दिलं.

'सही करून टाक,' म्हणाला. 'तुझ्यामागे कोण आहे? शेवटी घरातच राहणार ना सगळं. उगाच वेळ लावू नकोस, तुझ्या तब्येतीचं काही सांगता येत नाही.'

मी म्हटलं, 'करते. आधी एक सांग. त्या फोटोत बाबा का हसत होते?'

त्याने पाण्याचा घोट घेतला. 'बाबांचा स्वभावच होता गं तो. मी तासभर कॅमेरा लावून दबा धरून बसलो होतो. शेवटी हसले.'

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. जगाला खोटं सांगतो ते मी इतकी वर्षं ऐकलं. हे तो मला सांगत होता! ज्या बाईने तो फोटो काढला, तिच्या घरात, तिच्या पेल्यातलं पाणी पिऊन. बरं, डोळा चुकवत नव्हता. त्याचा त्यावर विश्वास बसला होता. मी कागद परत दिला आणि म्हटलं, 'पेन सापडत नाहीये.' दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे दाखला मागायला गेले.

तर माझा निम्मा हिस्सा भाचीला मिळावा, पुढील अटीवर. दर्शनी काचेतला सध्याचा फोटो उतरवून तिथे माझा मूळ फोटो, न कापलेला, लावावा. मूळ फोटो तिच्याजवळ देऊन ठेवला आहे. तिने तो पाहिला तेव्हा आधी ओरडली, 'अगं, आजी आहे की इथे!' आणि मग रडली. बापाच्या विरुद्ध जाणं तिला जड जाईल हे मला कळतं, म्हणून काम तिच्यावर टाकत नाही. फोटो फ्रेमवाल्याने स्वतः नेऊन लावावा. तिने फक्त अडवू नये. तो उतरवला गेला, झाकला गेला किंवा त्याच्यापुढे कॅलेंडर लटकलं, तर माझा हिस्सा समोरच्या स्टुडिओवाल्याला जावा. दादात आणि त्याच्यात तीस वर्षं विस्तव जात नाही. तो आनंदाने अर्ध्या फरशीवर झेरॉक्सचं मशीन टाकेल. मी त्याला विचारून ठेवलं आहे. माणूस इतका खूश झाला की मला चहा पाजला.

कलम ८. बँकेत जे असेल त्यातून फोटो मोठा छापून घ्यावा. काच चकाकणारी नसावी. उरेल ते भाचीचं.

माझ्या शेजारणीला माझी सुईदोऱ्याची पेटी हवी होती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं कळलं, आणि मला साक्षीदाराची गरज जास्त होती. पेटी मी जिवंत असतानाच तिने न्यावी.

कलम ९. फोटोची पट्टी. चौकटीच्या खाली पितळी पट्टी लावावी. तिच्यावर एवढंच कोरावं: 'आमची आई आमच्या बाबांच्या पायाची नखं कापते आहे.' माझं नाव घालू नये. फ्रेमवाल्याने 'असं कसं, ताई?' म्हणून बराच वाद घातला. तरी घालू नये. दादाचंही नको. फोटो काढणाऱ्याची जागा कोरी ठेवावी.

दादा रोज सकाळपासून गल्ल्यावर बसतो. काच त्याच्या पाठीशी आहे. आत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक फोटो पाहून, वाचून, हसून त्यालाच विचारेल, 'कोणी काढला हो?' शेजारी त्याची मुलगी उभी असेल आणि तिला उत्तर ठाऊक असेल. काय सांगायचं ते दादाने दर वेळी ठरवावं.

हे सगळं मी वाचून पाहिलं. खाडाखोड नाही. खालील दोघांसमोर मी सही केली आणि त्या दोघांनी माझ्यासमोर केली.

सही: (थोरल्याची धाकटी बहीण, फोटोग्राफर)

साक्षीदार १: शेजारीण, तिसरा मजला, समोरचं दार. सही केली. पेटी मिळाली.

साक्षीदार २: डॉक्टर. सही केली. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल, खिडकीच्या उजेडात.

दिनांक: मंगळवार, चौदा मार्च, सकाळी.