रेखाचा गुडघा आणि वायपरची मोटर

२६ जुलै ९१, शुक्र. जळगाव

रेखा उभी राहिली! कॅलिपरच्या गुडघ्याला जीपच्या वायपरची मोटर, कमरेला मोटारसायकलची बॅटरी. बटण दाबलं की गुडघा सरळ. पोलिओत गेलेला डावा पाय, आणि बाईसाहेब काठीशिवाय वर्कशॉपभर फिरल्या. मी येड्यासारखा हसत होतो.

लगेच म्हणाली, "यंदा कानबाई मीच उचलणार." कानबाई म्हणजे आमच्या भावकीची श्रावणातली देवी, विसर्जनाला घरची बाई डोक्यावरून नेते. आईचे गुडघे गेले, म्हणजे मान सुनेचाच, रेखाचाच. पण काकूला तो तिच्या सुनेला हवाय. "लंगडीच्या डोक्यावर देवी?" तोंडावर बोलली. डोकं फिरलं माझं.

४ ऑगस्ट, रवि.

आईला चालून दाखवलं. आई पायाकडेच बघत बसली. "आरे, चामडं घालीसन कानबाईले उचलतस का कोनी?"

झालं! सगळा सांगाडा चामडी बुटात ठोकलेला. कानबाई अनवाणी न्यायची, शेंबड्या पोरालाही ठाऊक. ड्रॉइंग काढताना मी काय झक मारत होतो? बूट काढला की पाऊल लोंबतं. नुसती मोटर काय कपाळ करणार.

८ ऑगस्ट

बुटाऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा, वरून खाटेची नवार. पण टाच खाली आली, मोटर गुडघ्याशी जुळेना. मांडी सोलून निघाली. रेखाने लपवलं, हळद लावताना दिसलं. म्हटलं, राहू दे यंदा. भडकलीच. "तुम्हाला मशीन जमत नाही म्हणून मी मान सोडू?"

लागलं मनाला. बरोबरच होतं.

१५ ऑगस्ट

शॉप बंद. दांड्या कापून पुन्हा जोडल्या. हात डोक्यावरचा देवीचा पाट धरायला लागणार, म्हणून बटण कमरेच्या पट्ट्यावर घेतलं, कोपराने दाबायचं. तालमीला डोक्यावर पाट, पाटावर देवीऐवजी कळशी. सपाटीवर झकास. उतारावर गुडघा दुमडला. धरली म्हणून वाचली, कळशी गडगडत गटारात. विसर्जनाचा, मेहरूण तलावाकडचा रस्ता उताराचाच आहे. भीती वाटते.

१८ ऑगस्ट, रवि.

कानबाई बसली. नैवेद्याचे रोट झाले. काकू सगळ्यांदेखत, "पडनी ते कानबाई बी पडी, मंग?" मी आपला रोट मोडत बसलो! शेवटी आईच म्हणाली, "मान तिना शे. तीच लई जाई."

१९ ऑगस्ट, सोम. सकाळ

बॅटरी फुल. नवार दोनदा तपासली. उताराचं अजून काही सुचलेलं नाही.

नवार आवळताना रेखा म्हणाली, "पाय दुमडला तरी मला हात लावायचा नाही."

"पडशील."

"पडेन. पण तुम्ही धरलंत तर काकू जन्मभर म्हणेल, नवऱ्याने नेली."

हो म्हणालो. पण उतारावर माझे हात माझं ऐकतील का...

बाहेर बायकांची गाणी सुरू झाली. आईने कानबाई रेखाच्या डोक्यावर दिलीय. निघतो. तिच्या मागेच राहणार आहे, हात खिशात घालून.