कॅसिनोत नेलेला माझा कॅट

शनिवार, संध्याकाळ. रास अल खैमा.

आज जिंकले मी. कॅसिनोत नाही, कॅसिनोच्या दाराबाहेर.

सकाळी निखिलने अबुधाबीहून गाडी काढली तेव्हाच मी पर्समध्ये घरचा पत्त्यांचा कॅट टाकला. पत्ते खेळायला जायचं तर कॅट न्यायला नको? दारातला गार्ड हसून म्हणाला, "अम्मा, अपना पत्ता अंदर नहीं चलता." निखिल लाजेने लाल. पोटचा मुलगा, पण म्हणतो कसा, "आई, तू बाहेरच बस." लहान मुलांनाही आत सोडत नाहीत, म्हणून नात रियाही आजीजवळ.

मग काय, लॉबीतल्या सोफ्यावर आम्ही बदाम सात मांडला. किलवरची अठ्ठी कधीच हरवलीय. तिच्या जागी निखिलच्याच लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा आहे, पाठीवर सोनेरी गणपती.

अर्ध्या तासात निखिल आणि सूनबाई तोंड पाडून बाहेर आले. "यल्ला, निघू या." रिया मान वर न करता म्हणाली, "वेट बाबा, आजी इज ब्लॉकिंग मी."

शेवटी तेही बसले. पानं वाटली, आणि सोनेरी गणपती आला माझ्याकडे. लपवणार कसा? सगळ्यांना दिसतच होता. निखिलकडे नव्वी, दश्शी, गुलाम, सगळी किलवरं अडकलेली. एवढा मोठा मॅनेजर, पण गयावया करायला लागला. "आई, सोड ना ती अठ्ठी."

का सोडू? मला बाहेर बसवताना विचारलं होतं?

सोडली. माझं शेवटचं पान म्हणून. खलास.